शब्दाला मेंढरू

पलूस भागात मेंढरांची खरेदी करणारे दिलावरभाई आयुष्यात अनेक कारणांनी रिकाम्या टेंपोनं परतले होते. मेंढरू आजारी आहे, मालक घरी नाही, भाव जुळत नाही, आज अमावस्या आहे. पण आटपाडीकडच्या रंगुबाईनं जे कारण सांगितलं, ते त्यांच्या तीस वर्षांच्या धंद्यात कुणी सांगितलं नव्हतं.

"त्यो मेंढा न्हाई मिळायचा, दिलावरभाई. त्यो करेजियस हाय."

"म्हंजी? रोगबिग हाय का काय?"

"रोग न्हवं वो, इंग्रजी हाय. करेजियस म्हंजी छातीचा. पोरीची परीक्षा हुईस्तवर इकायचा न्हाई."

"बरं, मंग त्याच्या शेजारची द्या."

"ती टिमिड. म्हंजी भित्री. ती ह्याच्या उलट हाय. एक गेलं तर दुसरं ध्यानात कसं ऱ्हाईल?"

दिलावरभाईंनी मागं बघितलं. मागं घोंगड्यावर रंगुबाईचा नवरा नानासो दोन्ही गुडघ्यांना तेल चोळत बसला होता. त्यानं नुसतं आभाळाकडं बोट केलं. म्हणजे तक्रार करायची तर तिकडं करा.

रंगुबाईची आणि अक्षराची गाठ कधी पडली नव्हती. सात वर्षांची असल्यापासून ती मेंढरामागं. दिवाळी झाली की कळप घेऊन पश्चिमेला उतरायचं, पलूसपासून कराडपर्यंत कृष्णाकाठच्या शेतात मेंढरं बसवायची, शेताला खत, मेंढराला चारा आणि आपल्याला धान्य. पाऊस लागला की परत माणदेशात. या फेऱ्यात तिची चाळीस वर्षं गेली. अशा बाईला दोनशे चौदा इंग्रजी शब्द अर्थासकट, जोडीदारासकट आणि वैऱ्यासकट येत होते. कराडातल्या इंग्रजीच्या पदवीधरांना तेवढे येत असतील, याची खात्री मी देणार नाही.

हे सगळं सुरू झालं तिच्या लेकीमुळं. सृष्टी पोरगी हुशार. हिशेब तोंडावर, इतिहास-भूगोल पाठ. पण बँकेच्या परीक्षेत इंग्रजीनं तिचा दोनदा घात केला. दुसऱ्यांदा तर तीन गुणांनी. पलूसजवळच्या उसाच्या खोडव्याच्या एका शेतात कळप बसला होता, तिथं ती शब्दांचं जाड पुस्तक मांडीवर घेऊन रडत होती.

"आये, सगळी शब्दं सारखीच दिसत्यात गं. कोण कुणाचं काय लागतंय, काय कळत न्हाई."

रंगुबाईला याचा राग आला. कारण हेच वाक्य तिनं जन्मभर लोकांकडून मेंढरांबद्दल ऐकलं होतं. शहरातली माणसं गाडी थांबवून विचारायची, मावशी, सगळी सारखीच की हो, तुम्ही ओळखता कशी? आता माणसाचं तोंड माणसाला ओळखू येतं तसं मेंढराचंही येतं, यात विचारायचं काय? धनगराला मेंढरू मोजावं लागत नाही. एक नसलं तर त्याची जागा रिकामी दिसते. आणि हे एवढं रक्तात असताना पोटची पोर म्हणते सारखीच दिसत्यात!

"वाच एक," ती म्हणाली.

"ऑब्स्टिनेट."

"करती काय ती?"

सृष्टीनं पुस्तकातला अर्थ मराठी करून सांगितला. हट्टी, कुणाचं न ऐकणारी, आपलंच खरं करणारी. रंगुबाईनं क्षणाचाही विचार न करता काठी उचलून कळपातल्या एका डोळ्याभोवती काळं असलेल्या मेंढीकडं केली. ती मेंढी त्याच वेळी, तीनदा हाकललेली असताना, चौथ्यांदा शेजारच्या उसाकडं चालली होती. सृष्टी रडता रडता हसली. तो शब्द ती पुन्हा कधी विसरली नाही.

मग काय, बारसंच मांडलं. मायलेकींनी एकेक शब्द घ्यायचा, तो काय करतो ते विचारायचं आणि तसं करणारं मेंढरू शोधायचं. एका अर्थाचे शब्द एका घरात. म्हणजे आई ग्रीडी, तर तिची थोरली व्होरेशियस आणि धाकटा ग्लटनस. सगळं खानदान खादाड. उलट अर्थाचा शब्द ज्याचं त्या घराशी पटत नाही त्याला. नात्यागोत्यात बसवलं की मेंढरू विसरत नाही आणि मेंढरू विसरत नाही म्हणून शब्द विसरत नाही. इतकी साधी गोष्ट पुस्तकं छापणाऱ्यांना का सुचली नाही, याचं रंगुबाईला फार नवल वाटायचं.

नानासोला मात्र नाकी नऊ आले. शेतकरी तणतणत यायचा, "नानासो, तुमचं मेंढरू माझ्या हरभऱ्यात!"

"कसलं हाय?"

"मला काय ठावं! खातंय नुसतं!"

"ग्लटनस आसंल," नानासो हताशपणे म्हणायचा आणि काठी टेकत उठायचा.

त्याचे गुडघे गेले होते. कराडच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, आता चालणं बंद. त्यानं बायकोला आणि लेकीला समोर बसवून एकदाच निकाल दिला. "ही तिसरी बारी. पोरगी साहेब झाली तर मेंढरं इकायची आन् गावाकडं गप बसायचं. न्हाई झाली, तर माज्या हातातली काठी तिच्या हातात. मला आता हुईना." यात त्याची काही चूक नव्हती. त्याचा गुडघा बघितलेल्या माणसाला तर मुळीच वाटली नसती. रंगुबाईनं होकाराची मान हलवली. पण सृष्टीचे तळपाय तिला डोळ्यासमोर दिसले. स्वतःचे तर रोजच दिसत होते. पोरीच्या तळपायाला असल्या भेगा पडता कामा नयेत, एवढंच तिला या जगात हवं होतं.

सृष्टी कराडला खोली घेऊन अभ्यासिकेत बसू लागली. परीक्षा एकदा पेपर फुटला म्हणून पुढं गेली, एकदा निवडणूक लागली म्हणून गेली आणि एकदा नुसतीच गेली. पण मेंढ्या काही परीक्षेसाठी थांबत नाहीत. त्या व्यायच्या. कोकरं आली की त्यांना शब्द लागायचे. रोज संध्याकाळी फोन यायचा.

"आये, आज किती झाली?"

"चार. सांग शब्द."

शब्द मिळेपर्यंत कोकरं बिननावाची फिरत आणि रंगुबाईला चैन पडत नसे. फोनच्या पलीकडं हळूहळू गर्दी जमू लागली. आधी खोलीतली प्रियदर्शनी, मग शेजारच्या खोलीतली नूरीन, मग अख्खी अभ्यासिका. फोन मधे ठेवायचा आणि सगळ्यांनी वह्या उघडून बसायचं. रंगुबाई कळपाभोवती फिरत सांगायची, "फ्रूगल आज अर्धीच प्याली, बाकीचं ठिवलं. काटकसरी हाय ती. लिवून घ्या."

ही कीर्ती पोरांचे परीक्षेचे वर्ग घेणाऱ्या अकॅडमीच्या इंद्रजित सरांच्या कानावर गेली. 'सहा महिन्यांत साहेब' असा त्यांचा फलक होता. विद्यार्थी वर्गात बसेनात, फोनपाशी बसतात म्हटल्यावर सर वीस जणांना मिनीबसमध्ये घालून थेट शेतात आले. पायात पांढरे बूट. पोरं वह्या घेऊन वाघरीत, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणात शिरली. एकजण एका मेंढीपुढं उभा राहून डोळे मिटून पुटपुटत होता. देवळातसुद्धा इतकी भक्ती बघायला मिळत नाही.

सर म्हणाले, "मावशी, स्टबर्न आणि ऑब्स्टिनेट. दोन्हींचा अर्थ एकच."

"कोण म्हंतंय?"

"पुस्तक म्हणतं."

रंगुबाईनं दोघींना समोर आणलं. स्टबर्नला ढकललं. ती जागची हलली नाही. दोन पोरांनी ढकललं तरी हलली नाही. मग ऑब्स्टिनेटला ढकललं. ती हलली, पण नेमकी उलट्या बाजूला, सरांच्या बुटांवरून.

"एक हालतच न्हाई आन् दुसरी हालती पर तिला पायजे तिकडं. ह्या दोगी एक कशा? घर एक हाय, मान्य. भनी भनी हायत्या. पर एक न्हाईत."

सरांनी मोबाइलवर बराच वेळ शोधलं. मग कपाळ पुसून म्हणाले, "परीक्षेत एकच धरायचं, मावशी."

"मंग परीक्षेला मेंढरं कळत न्हाईत," रंगुबाई म्हणाली आणि तिच्या लेखी चर्चा संपली.

त्या दिवसानंतर अकॅडमीत पुस्तक उघडायचं सगळ्यांनी सोडलं. पुस्तकात छपाईची चूक असू शकते, रंगुबाईच्या कळपात नाही, असं खुद्द सर म्हणू लागले. एखाद्या माणसावर इतका विश्वास टाकला की त्याच्या हातून चूक व्हायला फार वेळ लागत नाही.

त्या दिवाळीच्या सुमाराला मेलन्कली नावाची मेंढी ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन विषबाधेनं गेली. मेलन्कली म्हणजे उदास, कळपापासून लांब उभी राहणारी. तिच्यामागं चार दिवसांचं कोकरू राहिलं. त्याचं नाव ग्लूमी, अर्थ तोच, घर तेच. त्याच आठवड्यात जोव्हियलचं कोकरू दगावलं. जोव्हियल म्हणजे सदा आनंदी, उड्या मारणारी. मेलन्कलीच्या बरोबर उलट. आता आई गेलेलं कोकरू आणि कोकरू गेलेली आई समोर असताना धनगर काय करील? रंगुबाईनं जोव्हियलचं दूध काढून ग्लूमीच्या अंगाला चोळलं, दोन दिवस दोघींना एका दोरीला बांधलं, तिसऱ्या दिवशी जोव्हियल कोकराला चाटू लागली. झालं. धनगराच्या कायद्यात जी पाजते ती आई. दत्तकाचा कागद नाही, आणि पुन्हा त्याची आठवणही काढायची नाही. त्यामुळं महिन्याभरानं फोनवर नूरीननं विचारलं, "मावशी, ग्लूमी कुणाच्या घरातली?" तेव्हा रंगुबाईनं बिनदिक्कत सांगितलं, "जोव्हियलच्या." वीस वह्यांत तसं लिहिलं गेलं. आणि एकविसाव्या, सृष्टीच्या वहीतही.

वडाची साल पिंपळाला लागली ती अशी. आणि ती लक्षात आली परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी. जोव्हियल उड्या मारत होती आणि ग्लूमी लांब कोपऱ्यात, जाळीला तोंड लावून, अगदी मेलेल्या आईसारखी उभी होती. खाण तशी माती, असं रंगुबाई मनाशी म्हणाली आणि म्हणताक्षणी नानासोकडं धावली.

"आवं! म्या पोरीला उलटं सांगितलंय!"

सृष्टीचा फोन बंद. नूरीनचा बंद. प्रियदर्शनीचा बंद. मन शांत राहावं म्हणून सरांनी सगळ्यांना परीक्षा होईपर्यंत फोन बंद ठेवायला सांगितले होते. सरांचं स्वतःचं मन जास्तच शांत होतं, त्यांचाही फोन बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिलावरभाई सवयीनं चौकशीला आले, तर रंगुबाई जोव्हियलला दोरीला धरून आणि ग्लूमीला कडेवर घेऊन बांधावर तयार.

"वयनी, इकायचं ठरलं म्हना की!"

"सांगलीला चला. परीक्षेला जायचंय."

"कुणाची परीक्षा?"

"हिची," ती म्हणाली आणि कोकरू घेऊन टेंपोत चढली. नानासो गुडघे धरून पुढच्या सीटवर बसला. दिलावरभाईंनी वाटेत दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं.

सांगलीतल्या परीक्षा केंद्राच्या फाटकावर भाऊसो नावाचे पलटणीतून निवृत्त झालेले पहारेकरी होते. आत पोरांची रांग लागली होती. फाटकावर यादी चिकटवलेली: मोबाइल, घड्याळ, कागद, पट्टा, रंगीत बाटली यांना बंदी.

"जनावर अंदर नहीं," भाऊसो म्हणाले.

"यादीत दावा," दिलावरभाई म्हणाले. एवढ्या वेळानं त्यांना बोलायला एक मुद्दा सापडला होता.

भाऊसोंनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. मेंढरू कुठंच नव्हतं. पण पलटणीतला माणूस, त्याला वास आला. "आक्का, खरं सांगा. ही कॉपी हाय का?"

रंगुबाई खोटं बोलणारी बाई नव्हे. "व्हय," ती म्हणाली.

भाऊसोंनी कोकरू हातात घेतलं, उलटं केलं, चारी पाय तपासले, कान उलगडून बघितले, लोकरीत बोटं घालून चिठ्ठी शोधली. काही लिहिलेलं सापडेना. "ह्याच्यावर तर काय न्हाई!"

"तुमास्नी वाचता येत न्हाई ते," रंगुबाई म्हणाली आणि कोकरू परत घेऊन तिनं फाटकाच्या गजांमधून उंच धरलं. "सृष्टेऽ! नूरीन! पोरांनू! हिकडं बगा! ही जोव्हियलची न्हवं! हिची आय मेली! मेलन्कलीची हाय ही! जोव्हियल उलट हाय, उलटऽ!"

रांगेतली सांगलीची, मिरजेची, इस्लामपूरची पोरं तोंडाला रुमाल लावून हसू लागली. एक पालक बायकोला म्हणाला, बिचारीला धक्का बसलाय कसलातरी. पण रांगेत एकवीस चेहरे असे होते की ते हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि मान डोलावली. सृष्टीनं लांबूनच आईकडं बघून हात उंच केला. मग दार लागलं. रंगुबाई फाटकाला टेकून तीन तास उभी राहिली. भाऊसोंनी खुर्ची दिली, त्या खुर्चीवर नानासो बसला.

पेपरात ग्लूमी आली नाही. जोव्हियल आली नाही, मेलन्कलीही आली नाही. सृष्टीनं बाहेर आल्या आल्या हे सांगितलं, तेव्हा दिलावरभाईंनी कपाळाला हात लावला. पण ऑब्स्टिनेट आली होती, फ्रूगल आली होती, सगळी खादाड मंडळी आली होती. अडीच महिन्यांनी निकाल लागला. सृष्टी पास झाली, एकवीसपैकी नऊजण पास झाले आणि इंद्रजित सरांनी फलकावर नवीन चित्र काढून घेतलं. त्यात मेंढी होती.

रंगुबाई त्या दिवशी कळपाच्या मधोमध बसून मोठ्यानं रडली. आनंदानं रडली, असं तिनं सांगितलं आणि ते खरं होतं. पण सगळंच आनंदाचं नव्हतं. नानासोला दिलेला शब्द तिला ठाऊक होता.

दिलावरभाई टेंपो घेऊन आले. तिनं एकच अट घातली, एका घरातली एका टेंपोत घाला. तीस वर्षं मेंढरं भरणाऱ्या त्या माणसानं त्या दिवशी एकेकीपाशी थांबून विचारलं, "वयनी, ही कुणाची?" आणि तिनं सांगितल्याप्रमाणं वेगवेगळं भरलं. चार खेपा झाल्या. चौथी गेल्यावर वाघरीत नुसती माती राहिली. तिनं जाळी गुंडाळली. गावी गेल्यावर पहिले पंधरा दिवस ती पहाटे उठून दारात उभी राहायची आणि कुठं जायचं ते न कळून परत आत यायची.

मेंढरांचे पैसे बँकेत ठेवायचे म्हणून ती नानासोबरोबर सांगलीच्या शाखेत गेली. सृष्टीची नेमणूक तिथंच झाली होती. काचेमागं लेक बसलेली, गळ्यात नावाची पट्टी, पायात बंद बूट. रंगुबाईनं आधी ते बूट बघून घेतले. मग खुर्चीवर बसली. सृष्टीनं फॉर्म भरायला घेतला. नाव, गाव, वय. मग सहीची जागा आली आणि तिनं शाईचा डबा पुढं सरकवला.

शेजारून मोठे साहेब वाकून म्हणाले, "मॅडम, अंगठा आहे ना? मग वर इल्लिटरेट लिहा. नियम आहे."

सृष्टीचं पेन थांबलं.

इंग्रजी शब्द ऐकला की रंगुबाईचे कान उभे राहायचे, ते आताही राहिले. दोनशे चौदांत हा नव्हता. "सृष्टे, ह्यो कुटला? ह्यो तू मला कवाच दिला न्हाईस. करती काय ती?"

हा शब्द सृष्टीनं कधी पाठ केला नव्हता. तो तिला आधीपासूनच येत होता. पाचवीपासून शाळेच्या दर वर्षीच्या फॉर्मवर, आईचं शिक्षण या रकान्यात, ती तो लिहीत आली होती.

"आगं सांग की. मागं लोकं खोळंबल्यात."

"जिला... जिला लिवता-वाचता येत न्हाई, आये."

रंगुबाईनं विचार केला. मेंढरू निवडताना करायची तसाच, मान जरा तिरकी करून. "अर्थ बरुबर हाय," ती म्हणाली. "लिव."

सृष्टीनं लिहिलं. अक्षरं फॉर्मवर हलत असल्यासारखी तिला दिसत होती. रंगुबाईनं अंगठा शाईत बुडवून, लेकीनं दाखवलेल्या जागी नीट दाबला, पदराला पुसला आणि उठता उठता काचेला तोंड लावून हळूच म्हणाली, "एक शब्द ऱ्हायलाच की गं आपला. आता ह्याला मेंढरू कुटनं आनू? सगळी तर इकली."